कांसेची पातळी आणि सेन्सरचा नॉइज: प्रकल्प नोंदी, बडोदा

८ जून

सेटअप आधी लिहून ठेवतो म्हणजे पुढे सगळं त्याच्याशी जोडता येईल. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून कांस जाते. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगायचं तर पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा उघडा नाला, भूखी, रूपारेल, मसिया अशा बऱ्याच आहेत गावात. नदी चढली की कांसेचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं मागे येतं आणि पहिलं आमच्या पार्किंगमध्ये शिरतं. ऑगस्ट २०२४ ला काळाघोड्यापाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी तिथे २६ धरतात, तेव्हाची रेघ पार्किंगच्या भिंतीवर रंग दिला तरी दिसतेच.

प्रमुखांची मागणी एकच, पाणी गेटला लागायच्या आधी सगळ्यांना गाड्या काढायला वेळ मिळायला पाहिजे, रात्री दोन वाजता सुद्धा. गाड्या काढायला निदान अर्धा तास लागतो हे गेल्या वर्षी कळलंच आहे.

कांसेच्या तळापासून ४१० सेंमी वर, भिंतीतून बाहेर काढलेल्या लोखंडी पाइपच्या टोकाला वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर (जेएसएन-एसआर०४टी, ४० किलोहर्ट्झ) लावलाय, तोंड खाली. गेटची फरशी तळापासून २९० वर येते. सध्या कांसेत जेमतेम ३० सेंमी घाण पाणी. समोरच्या भिंतीवर ऑइलपेंटने १०-१० सेंमीच्या खुणा केल्यात, खरं-खोटं तिथे बघायचं.

१२ जून

कच्चा डेटा बघितला आणि हसू आलं, पाणी जागचं हललेलं नाही आणि ग्राफ मात्र पिसाळलेला. पण नीट बघितलं तर सगळा कचरा, म्हणजे नॉइज, एका जातीचा नाहीये आणि हेच आधी वेगळं करायला पाहिजे, नाहीतर माणूस नुसते फिल्टर बदलत बसतो. एक बारीक थरथर आहे, अर्धा-पाऊण सेंमी वरखाली, ती कायम. मग मधूनच एखादं वाचन एकदम १२० किंवा ३०० दाखवतं आणि पुढचं परत जागेवर. आणि या सगळ्याच्या खाली दिवसभरात सावकाश चढणारी-उतरणारी एक लाट आहे, दुपारी पाणी वाढल्यासारखं दिसतं आणि पहाटे उतरतं. ही शेवटची सगळ्यात फसवी, कारण ती नॉइजसारखी दिसतच नाही.

१५ जून

दुपारच्या लाटेचा हिशोब लागला. सेन्सर अंतर मोजत नाही, आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजतो, अंतर आपण आवाजाच्या वेगाने गुणून काढतो आणि तो वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो. साधारण ३३१.३ अधिक ०.६ गुणिले तापमान, मीटर प्रति सेकंद. सेन्सरच्या तयार कोडमध्ये (लायब्ररीत) ३४३ फिक्स टाकलेला होता. पहाटे २६ डिग्रीला ३४७ आणि दुपारी ३५ डिग्रीला साडेतीनशेच्या वर, म्हणजे दीड टक्का फरक, आणि ३८० सेंमी अंतरावर दीड टक्का म्हणजे जवळपास ६ सेंमी. दुपारी आवाज लवकर परत येतो, सेन्सरला वाटतं पाणी जवळ आलं.

हे कुठल्याही सरासरीने जाणार नाही, हजार वाचनांची सरासरी काढा, हजारही त्याच बाजूला चुकलेली असतील. डीएस१८बी२० तापमानाचा सेन्सर जोडला, पण उन्हात तो स्वतःच तापतो आणि हवेचं नाही तर स्वतःचं तापमान सांगतो, म्हणून पांढऱ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात सावलीत ठेवलाय, खालून वरून हवा खेळती. आता दिवसाची लाट एक सेंमीच्या आत आली. खुणांशी जुळतंय.

१९ जून

सकाळी साडेसहा ते सात स्पाइकच स्पाइक, म्हणजे ती एकदम उडणारी वाचनं. रोज. वॉचमनभाईंना विचारलं तेव्हा कळलं की तेव्हा बोअरचा पंप चालू असतो. सेन्सरची केबल लांब ओढून पंपाच्या पॅनलशेजारून नेलेली आहे आणि त्या केबलमधून येणारा परतीचा सिग्नल इतका क्षीण असतो की पंपाच्या शेजारून नेणं म्हणजे आमंत्रणच. सेन्सरची मूळ केबल वाढवायचीच नाही, बोर्ड डब्यात घालून वर पाइपाशीच बसवला आणि तिथून आकडा डिजिटल स्वरूपात आरएस-४८५ (लांब तारेवरून डेटा नेण्याची पद्धत) वर खाली आणला, दोन तारा पिळलेल्या. पॉवरसाठी बोर्डाजवळ एक ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्पाइक जवळजवळ गेले.

माझं मत ठाम आहे की सॉफ्टवेअरमधला फिल्टर हा शेवटचा उपाय. जो नॉइज तारेत शिरूच दिला नाही तो काढावा लागत नाही आणि त्याच्यासोबत खरा सिग्नलही कापला जात नाही.

२३ जून

कोळ्याने सेन्सरच्या तोंडावर जाळं केलं, सेन्सरपासूनचं अंतर २५ ते ४० च्या मध्ये नाचत होतं. फडक्याने पुसलं. दर रविवारी पुसायचं, वॉचमनभाईंना सांगितलंय.

२७ जून

आज रथयात्रेची सुट्टी असल्यासारखाच दिवस गेला, बसून थरथरीवर काम केलं.

एका मिनिटाला एकच वाचन घ्यायच्या ऐवजी झुपका घ्यायचा आणि त्यातला मधला आकडा, म्हणजे मीडियन. १५ वाचनं चढत्या क्रमाने लावायची आणि आठवं उचलायचं, बस. सरासरीत एक ३०० चं वाचन घुसलं की बाकी चौदांना घेऊन बुडतं, मीडियनला त्याचं काही पडलेलं नसतं, १५ पैकी ७ खोटी असली तरी तो तरतो.

नुसती सरासरी काढली तर थरथर वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते, १६ घेतली तर चौथा हिस्सा, मीडियन थोडा कमी कार्यक्षम पण तेवढं चालतं. मात्र यातली अट लोक विसरतात, वाचनं एकमेकांपासून स्वतंत्र पाहिजेत. मी आधी ६०-६० मिलिसेकंदांवर १५ घेत होतो, म्हणजे सगळा झुपका एका सेकंदाच्या आत. पाण्यावरची एक तरंग जायलाच साधारण तेवढा वेळ लागतो, म्हणजे पंधराही वाचनं एकाच तरंगेच्या माथ्यावर नाहीतर खळग्यात, आणि पुढच्या मिनिटाला दुसरीकडे कुठेतरी. अशी पंधरा वाचनं दोन-तीन खऱ्या वाचनांच्याच किमतीची. आता तीच पंधरा १२ सेकंदांत पसरवून, आणि मधलं अंतरही मुद्दाम थोडं कमीजास्त ठेवून घेतो, म्हणजे तरंगेच्या तालाशी ताल जुळत नाही. झुपक्याची थरथर अर्ध्या सेंमीवर आली आणि तिथे थांबली. मला याहून जास्त नकोच आहे, गेट सेंमीत थोडंच बुडतं.

२ जुलै

भाच्याने सुचवलं की उभा पाइप पाण्यात सोडून त्याला खाली बारीक भोकं पाडायची, आत पाणी शांत राहतं, नद्यांवरच्या मोजणी केंद्रांत असंच असतं. बरोबर आहे, हाही फिल्टरच, फक्त प्लास्टिकचा. पण आमच्या कांसेत जे काय वाहून येतं ते बघता भोकं दोन पावसात बुजतील आणि मग आतलं पाणी बाहेरच्या मागे राहील आणि आपल्याला कळणारही नाही. शिवाय या सेन्सरचा झोत रुंद, अरुंद पाइपात सांध्या-सांध्यावरून खोटे प्रतिध्वनी. रद्द.

६ जुलै

आषाढी. रात्री मोठा पाऊस झाला आणि पहिल्यांदा खरा डेटा मिळाला, कांस ३५ वरून दीडशेच्या वर गेली आणि सकाळपर्यंत उतरली. चढताना जोर असा की मिनिटाला साधारण एक सेंमी.

तोपर्यंत मीडियनच्या पुढे मी सगळे लावतात तो फिल्टर लावलेला होता, नवं = जुनं + अल्फा × (वाचन − जुनं), अल्फा ०.१. एका ओळीचा कोड, मेमरी लागत नाही, ग्राफ असा गुळगुळीत की बघत राहावं. प्रमुखांना पण आवडला होता. आणि रात्री खुणांवर टॉर्च मारून बघितलं तर भिंतीवर पाणी ११० ला आणि स्क्रीनवर १०१.

हे गणितात आधीच लिहिलेलं असतं. सतत चढणाऱ्या सिग्नलच्या मागे हा फिल्टर (१ − अल्फा) भागिले अल्फा इतकी वाचनं राहतो, ०.१ ला नऊ वाचनं, मिनिटाला एक म्हणजे नऊ मिनिटं. मिनिटाला एक सेंमी चढ असेल तर नऊ सेंमी मागे, कायम. साधी चालती सरासरी घेतली तरी सुटका नाही, १९ वाचनांची सरासरी पण बरोबर नऊच मागे, मीडियन १९ चा घेतला तरी तेच. गुळगुळीतपणा आणि वेळ यांचा सौदा आहे, किराणा दुकानात वजन आणि पैसे असतात तसा, एक घेतलं की दुसरं द्यावंच लागतं. दुकानदार बदलून फार फरक पडत नाही.

म्हणून आजपासून प्रश्नच उलटा केलाय. ग्राफ किती स्वच्छ पाहिजे हे विचारायचं नाही. किती मिनिटं उशीर परवडतो ते आधी ठरवायचं आणि त्या मिनिटांत जेवढी स्वच्छता मिळेल तेवढी घ्यायची. अर्ध्या तासाच्या गाड्या-काढण्यातून नऊ मिनिटं फिल्टरला द्यायला मी तयार नाही. तीन देतो.

भाचा (कलाभवनला, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजला, इलेक्ट्रिकलला आहे) म्हणाला, "मामा, फिल्टफिल्ट लाव ना, शून्य उशीर." त्याला म्हटलं अरे बाबा, तो डेटावर एकदा पुढे आणि एकदा मागे फिरतो म्हणून उशीर पुसला जातो, मागे फिरायला उद्याचा डेटा लागतो, तो तू आणून देणार का. कॉलेजच्या असाइनमेंटला ठीक, कांसेला नाही.

११ जुलै

रात्री सव्वातीनला अलार्म. पातळी ३८ वरून एकदम ६४ आणि तिथेच ठाम. पाऊस नाही. मीडियन इथे काही करू शकत नाही कारण वाचनं खोटी नाहीत, सेन्सरच्या खाली खरोखरच काहीतरी आहे. वॉचमनभाई टॉर्च घेऊन उभे, "साहेब, मगर बेठी हशे". आमच्याकडे कुठल्याही गोष्टीचा आळ आधी मगरीवर जातो आणि त्यात चूक पण नाही, विश्वामित्रीत शेकड्यांनी आहेत, गेल्या वर्षीच्या पुरात किती सोसायट्यांतून पकडून नेल्या. पण निघाली जलकुंभी, वरून वाहत आलेला हिरवा तराफा, त्यात थर्माकोल, बाटल्या, एक चप्पल, सगळं पाइपाखाली अडकून बसलेलं. बांबूने ढकललं.

आता अशा उडीचं करायचं काय. नेहमीचा उपाय हँपेल फिल्टर, मागच्या काही वाचनांचा मीडियन घ्यायचा, त्यापासून प्रत्येकाचं अंतर काढून त्या अंतरांचा परत मीडियन, त्याला १.४८२६ ने गुणलं की स्टँडर्ड डेव्हिएशनसारखा आकडा मिळतो, आणि नवं वाचन त्याच्या तिप्पटीबाहेर असेल तर फेकून द्यायचं. छान चालतं. पण धोका बघा, शांत दिवसात हा आकडा अर्धा सेंमी, म्हणजे दीड सेंमीबाहेरचं सगळं कचरा ठरतं, आणि वर कुठे पाणी सोडलं, लोंढा आला, पाणी मिनिटात चार सेंमी चढलं तर हा शहाणा फिल्टर खऱ्या पुरालाच खोटं म्हणून फेकत बसणार. ज्या दिवसासाठी सगळं केलं त्याच दिवशी आंधळा.

म्हणून नियम असा ठेवला: उंबरठा कधीच ३ सेंमीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि बाहेरचं वाचन लगेच न फेकता बाजूला ठेवायचं, लागोपाठ तीन वाचनं एकमेकांशी जुळणारी किंवा एकाच दिशेने चढणारी आली की ती खरी मानून तिथून पुढे चालू करायचं. यात तीन मिनिटं जातात, जी द्यायचं ठरलंच होतं. एका झटक्यात २० सेंमीपेक्षा जास्त उडी मारून तिथेच गोठलेली पातळी असेल तर अलार्मच्या ऐवजी "काहीतरी अडकलंय, बघून या" असा मेसेज. पाणी असं वागत नाही, वस्तू वागते.

१७ जुलै

खालच्या मजल्यावरच्या काकांनी बरोबर प्रश्न विचारला, "अरे मला सेंमी काय सांगतोस, गेटला किती वेळात येतं ते सांग." म्हणजे पातळी नाही, वेग पाहिजे. २९० मधून आत्ताची पातळी वजा करायची आणि वेगाने भागायचं.

आणि वेग काढायला गेलं की दाबलेला नॉइज परत डोकं वर काढतो. थरथर अर्धा सेंमी आहे, लागोपाठच्या दोन मिनिटांची वजाबाकी केली की ती ०.७ सेंमी प्रति मिनिट होते, म्हणजे तासाला ४२ सेंमी, आणि पाणी जागचं हललेलं नाही! वजाबाकी नॉइजला फुगवते, हे कुठल्याही मोजमापात असंच. त्याऐवजी मागच्या दहा मिनिटांच्या ११ वाचनांतून सरळ रेघ बसवली तर तिच्या उताराची चूक तासाला ३ सेंमीच्या आसपास येते. पण दहा मिनिटांची रेघ म्हणजे वेग सरासरी पाच मिनिटांपूर्वीचा. परत तोच सौदा.

२४ जुलै

काल्मन फिल्टर लावला. नाव ऐकून लोक दबतात, अपोलोच्या चांद्रमोहिमांच्या नॅव्हिगेशनमध्ये वापरलेला, रुडॉल्फ काल्मन यांचा मूळ पेपर १९६० चा, पण आपल्या कामापुरता तो दोन आकड्यांचा हिशोब आहे. पातळी आणि वेग दोन्ही सोबत ठेवायचे. दर मिनिटाला आधी अंदाज करायचा की आहे त्या वेगाने पाणी आता कुठे असेल, मग सेन्सर काय म्हणतो ते बघायचं आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी बसायचं. कोणाकडे किती झुकायचं हे दोघांवरच्या भरवशावरून.

सेन्सरचा भरवसा मोजता येतो, शांत रात्रीच्या डेटाचा व्हेरियन्स, म्हणजे थरथरीचा वर्ग, ०.५ चा वर्ग ०.२५. पाण्याचा वेग किती लवकर बदलू शकतो हा दुसरा आकडा मात्र कोणी देत नाही, तो हाताने लावावा लागतो आणि तिथेच सगळी गंमत आहे, कमी ठेवला तर फिल्टर हट्टी होतो, जास्त ठेवला तर सेन्सरच्या मागे नाचतो. ६ जुलैची रात्र परत परत चालवून बघितली. नुसत्या अल्फावाल्याला जिथे नऊ सेंमीची पिछाडी होती तिथे हा एकसारख्या चढाच्या वेळी भिंतीवरच्या खुणेशी जुळतो, कारण चढ त्याच्या अंदाजातच धरलेला आहे. मागे पडतो तो फक्त वेग बदलताना. आणि पाणी चढायचं थांबलं की काही मिनिटं दोन-तीन सेंमी जास्त दाखवतो, गाडीने ब्रेक मारला नाही असं त्याला वाटत राहतं. मला ते चालतं, पुराच्या अलार्मने चुकायचंच असेल तर वरच्या बाजूला चुकावं.

काही वेळाने दोन्ही वजनं स्थिर होऊन बसतात, तेव्हा एवढी मॅट्रिक्स चालवायचीही गरज नाही, तीच दोन स्थिर वजनं घेऊन अल्फा-बीटा फिल्टर लिहिला की झालं. ईएसपी३२ ला (हे सगळं चालवणारा छोटा कंट्रोलर) दोन्ही झेपतात, पण सहा ओळींचा कोड उद्या भाच्याला वाचून कळेल म्हणून तोच ठेवला.

३ ऑगस्ट

प्रमुखांना मीटिंगसाठी महिन्याचा ग्राफ पाहिजे. इथे घाई नाही, मागचा-पुढचा सगळा डेटा हातात आहे, म्हणून इथे वेगळं हत्यार, सॅवित्स्की-गोले, १९६४ चं, मूळ स्पेक्ट्रोस्कोपीवाल्यांचं. सरासरीत सगळ्यांना सारखं वजन, इथे छोट्या खिडकीत वक्र बसवतात आणि ते करायला फक्त ठरलेले आकडे लागतात, पाच वाचनांसाठी −३, १२, १७, १२, −३ आणि भागिले ३५. समजा पातळ्या १००, १०४, ११२, १०४, १०० आहेत. पाचांची सरासरी १०४, शिखर आठ सेंमीने कापलं. याने १०८.६ येतं. सोसायटीत भांडण नेहमी "पाणी किती वर आलं होतं" यावरच होतं, तेव्हा शिखर कापणारा ग्राफ मीटिंगमध्ये नेऊन उपयोग नाही. भाच्याचा फिल्टफिल्ट पण इथे चालला असता, त्याला सांगितलं, खूश झाला.

१४ ऑगस्ट

बादली टेस्ट. हा सेन्सर साधारण २०-२५ सेंमीच्या आतलं बघू शकत नाही, पाठवलेल्या पिंगची थरथर संपायच्या आत प्रतिध्वनी परत येतो. बादलीत पाणी भरून १५ सेंमीवर धरला तर कधी २३, कधी ३०, ते ३० म्हणजे आवाज पाणी-सेन्सर-पाणी अशी दुसरी उसळी मारून आलेला. म्हणजे पाणी ३९५ ला पोचलं की स्क्रीन म्हणेल ३८०, पाणी उतरलं. गेल्या वर्षीची रेघ साधारण तिथेच आहे.

हे कुठल्याही फिल्टरने सुटत नाही, माहितीच नाही तर गाळणार काय. ३७० वर एक साधा फ्लोट स्विच लावला, टाकीत असतो तसलाच, तो उचलला गेला की सेन्सरचं म्हणणं ऐकायचंच नाही, अलार्म चालूच.

मुसळधार पावसात वाचनं गाळल्यासारखी येतात, १५ पैकी कधी सहा-सातच. आठपेक्षा कमी आली तर त्या मिनिटाला सेन्सरकडे दुर्लक्ष करून फक्त अंदाज पुढे ढकलतो, पण सलग पाच मिनिटांच्या वर नाही. त्यानंतर स्क्रीनवर आकड्याऐवजी "वाचन नाही". अंदाज आकड्यासारखा दाखवत राहणं मला पटत नाही.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती, मांडव पार्किंगमध्येच आहे त्यामुळे या वर्षी काकांनाही पातळीत रस आलाय.

चालू सेटिंग लिहून ठेवतो: १२ सेकंदांत १५ वाचनं, मीडियन, तापमानाची दुरुस्ती, ३ सेंमीचा उंबरठा आणि लागोपाठ तिघांचा नियम, मग अल्फा-बीटा. अलार्म दोन, गेटला पोचायला पाऊण तास उरला की पहिला, अर्धा तास उरला की भोंगा. वेग तासाला ६ सेंमीच्या खाली असेल तर वेळ दाखवतच नाही, तिथे भागाकार काहीही उत्तर देतो.

बाकी: तापमानाच्या सेन्सरला वारा लागावा म्हणून पाइपाला अजून भोकं. जलकुंभी अडवायला वरच्या बाजूला जाळी लावायची का, प्रमुख म्हणतात जाळीतच कचरा साचून पाणी तुंबेल, खरं आहे, त्यापेक्षा ब्रॅकेट अर्धा मीटर डावीकडे सरकवून बघणार, तिथे प्रवाह वाहता असतो. भोंग्याची वायर पण मांडवाच्या लायटिंगपासून लांब घ्यायची आहे, ते आज रात्रीच.